कोयनेचा भूकंप आणि भूमिगत अणुचाचणी : दुरून फरक कसा ओळखतात?

रंकाळाकाठ (कोल्हापूर) :
११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने आमचे मंगळवार पेठेतले घर हादरले आणि फडताळातले पितळी डबे एकामागून एक खाली आले, हे आजीने इतक्या वेळा सांगितले आहे की तो आवाज मी स्वतःच ऐकला असावा असे वाटते. तो भूकंप सुमारे ६.३ रिश्टरचा होता. ३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाने केलेल्या अणुचाचणीची नोंदही अमेरिकी भूवैज्ञानिक संस्थेने ६.३ अशीच केली. मी बारावीला भूगोल शिकवतो. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘आकडा एकच असेल तर हा भूकंप आणि ही चाचणी, हे हजारो किलोमीटरवरून कोण आणि कसे ठरवते?’ आणि ते ठरवता येत असेल, तर १९९६ चा सर्वंकष अणुचाचणी बंदी करार अजून अमलात का आलेला नाही? मुलांना अर्धवट उत्तर द्यायची माझी तयारी नाही.

भूतरंग (कराड) :
सर, आकडा केवळ धक्का किती मोठा ते सांगतो. तो कशामुळे बसला हे लहरींच्या घडणीवरून कळते. भूकंपात भ्रंशाच्या (खडकांतल्या मोठ्या भेगेच्या) दोन बाजू एकमेकींवरून घसरतात, त्यामुळे पहिली लहर काही दिशांना जमीन बाहेर ढकलते, तर काही दिशांना आत ओढते. स्फोट मात्र चहूबाजूंना ढकलतोच, म्हणून भोवतालच्या सर्व केंद्रांवर पहिली हालचाल बाहेरच्याच दिशेची दिसायला हवी. शिवाय स्फोटात प्राथमिक (सर्वांत आधी पोचणाऱ्या) लहरी जोरकस असतात आणि त्या मानाने मागून येणाऱ्या दुय्यम लहरी व जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या पृष्ठलहरी दुबळ्या. डबे पाडणारी ती लांबलेली हलवाहलव मुख्यतः या मागून येणाऱ्या लहरींची. तिसरी खूण खोलीची. कोयनेचे धक्के जमिनीखाली काही किलोमीटरवर उगम पावतात, आणि दहा किलोमीटर खोल बॉम्ब कोणी पुरू शकत नाही.

तरीही एकाच खुणेवर विसंबू नये, हे मुलांना आवर्जून सांगा. उत्तर कोरियाच्या २००६ आणि २००९ च्या चाचण्या पृष्ठलहरींच्या जुन्या निकषावर स्पष्टपणे वेगळ्या पडल्या नाहीत आणि तो निकष पुढे सुधारावा लागला. २०१७ च्या स्फोटानंतर साडेआठ मिनिटांनी तिथेच दुसरी, लहान नोंद झाली. तिची घडण जमीन आत कोसळल्याची होती. माझ्या मते वर्गात दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही.

शाहूपुरीकर :
दुसऱ्या प्रश्नाचे मूळ याच पहिल्या प्रश्नात आहे. बिकिनी बेटावरील १ मार्च १९५४ च्या अणुस्फोटानंतर सुमारे महिन्याभराने पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला होता. पण १९६३ च्या अंशतः अणुचाचणी बंदी करारात भूमिगत चाचण्या बंदीतून वगळल्या गेल्या, कारण संशयास्पद धक्क्यांची जागेवर जाऊन तपासणी वर्षाला किती वेळा करायची यावर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे जुळले नाही. त्याच वादामुळे अमेरिकेने जगभर एकसारखी भूकंपमापन केंद्रे उभारली; पुण्याचे केंद्रही त्या जाळ्यात होते. पुढे याच नोंदींनी भूपट्ट सिद्धान्ताला (पृथ्वीचे कवच सरकत्या तुकड्यांचे आहे या मताला) मोठा आधार दिला. तुम्ही वर्गात शिकवता तो धडा काही अंशी या वादातून आला आहे.

आज अडचण राजकीय आहे. १९९६ चा करार अमलात येण्यासाठी ४४ ठरावीक देशांचे अनुमोदन (सहीनंतरची अंतिम मान्यता) लागते. त्यांपैकी भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांची सहीच नाही. अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्त यांनी सही केली पण अनुमोदन दिले नाही. आणि रशियाने दिलेले अनुमोदन २०२३ मध्ये मागे घेतले. निःशस्त्रीकरणाची कालमर्यादा नाही आणि स्फोट न करता प्रयोगशाळेत अण्वस्त्रे सुधारायची प्रगत देशांना मोकळीक राहते, हा भारताचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. मात्र त्यापायी पडताळणीची तयार यंत्रणा निम्म्या बळावर चालावी, हे मला मनापासून खटकते.

रंकाळाकाठ :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. मुद्दाम अगदी लहान चाचणी केली तर ती लपेल का?

भूतरंग :
लपू शकते. १३ मे १९९८ रोजी पोखरणला एक किलोटनाहून (हजार टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीहून) कमी शक्तीच्या दोन चाचण्या झाल्याचे आपल्या सरकारने जाहीर केले. परदेशी केंद्रांवर त्यांची नोंद आढळली नाही. उलट बाजूही पाहा. उत्तर कोरियाचा २००६ चा स्फोट एक किलोटनाहून कमीच होता, तरी तो टिपला गेला आणि सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रावर हवेत अणुस्फोटात तयार होणारा किरणोत्सारी झेनॉन वायूही सापडला. त्यातल्या झेनॉन-१३३ चे अर्धे आयुष्य सव्वापाच दिवसांचे, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरत असल्याने फार उशीर चालत नाही. भूकंपलहरी स्फोट झाला एवढेच सांगतात. तो अणुस्फोटच होता याचा पुरावा हा वायू देतो.

शाहूपुरीकर :
आणि वायूही बाहेर आला नाही, तर जागेवर जाण्यावाचून उपाय नाही. करारात ती सोय आहे : ५१ सदस्यांच्या कार्यकारी मंडळातील ३० मते मिळाली, तर एक हजार चौरस किलोमीटरपर्यंतचा प्रदेश तपासता येतो. केंद्रांचे जाळे आजही चालू आहे, पण हे कलम करार अमलात आल्याशिवाय वापरता येत नाही. १९६३ मध्ये बोलणी याच जागी अडली होती, सर.