भाच्याला स्वसंरक्षणासाठी घडीचा चाकू हवाय, मी नको म्हणालो

टूलरूमवाला, उद्यमबाग
मंडळी, माझा भाचा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला आहे. रात्री बाराला सुटतो आणि पिरनवाडीवरून जांबोटी रस्त्याने गावी जातो. गेल्या महिन्यात दोघांनी मोटारसायकल आडवी घालून त्याचा मोबाईल हिसकावून नेला. तेव्हापासून एकच धरून बसलाय. "मामा, तुम्हाला पोलादातलं कळतं, खिशात मावेल असा पहिला चाकू तुम्हीच निवडून द्या."

मी नको म्हणालो. मला चाकूचं वावडं नाही, वीस वर्षं माझ्याच खिशात आहे. पण त्याला ज्या कामासाठी हवाय, त्या कामाला घडीचा चाकू वेळेवर येत नाही. घरीच करून बघितलं. जर्किनची चेन वरपर्यंत, एका हातात हेल्मेट, माझा चाकू त्याच्या पँटच्या खिशात. म्हटलं, मी भिंतीपासून भरभर चालत येतो, तू काढ. हेल्मेट खाली टाकलं, जर्किन वर सरकवलं, खिशात बोटं घातली, अंगठा पात्याच्या खुंट्यावर गेला. मी खांद्याला हात लावला तेव्हा पातं अर्धंच उघडलं होतं. अमेरिकेतले पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये लिहून ठेवलंय की चाकू घेऊन धावणारा माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. आमची खोली बारा फुटांची. परत अंधारात समोर दोघं. त्या रात्री त्यानं मोबाईल दिला आणि धडधाकट घरी आला. खिशात चाकू असता तर तो तिथं थांबला असता, ह्याचीच मला भीती वाटते.

निपाणीचा तंबाखूवाला
काका, तुमचा मान राखून सांगतो, पटलं नाही बघा. हंगामात मी रोकड घेऊन रात्री एकटा फिरतो. 112 ला फोन लावला तरी गाडी पोचेपर्यंतचा वेळ माझा मलाच काढायचा असतो. तुम्ही पोराला तयारी न करता उभं केलं आणि निकाल दिला. महिनाभर रोज वीस वेळा काढायची सवय लावा, मग बघा. चाकू क्लिप लावून खिशाच्या तोंडाशी ठेवायचा, तळाशी नाही. पातं तीन इंच बास, मूठ चार बोटं पूर्ण बसतील एवढी, आणि एका हातानं उघडणारा. कायदाही आपल्या बाजूनं आहे. जबरी चोरी होत असेल तर स्वतःला वाचवायचा हक्क फार लांबपर्यंत जातो. मोबाईल आज दिला, उद्या गाडी देणार का?

काळा कोट, बेळगाव
हक्काचं बरोबर सांगितलंत, पण अर्धंच. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. हा हक्क कुठल्या गुन्ह्यांत फार लांबपर्यंत जातो ते तिच्या कलम 41 मध्ये आहे, आणि त्यात जबरी चोरी येते हे खरं. पण कलम 37 म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. चोरटे मोबाईल घेऊन पाठ फिरवून पळाले, भीती सरली, आणि मग मागून वार केला तर गुन्हा तुमच्यावर. धारदार हत्यारानं साधी दुखापत झाली तरी कलम 118 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मी स्वतःला वाचवत होतो हे सिद्ध करायचं ओझं तसं म्हणणाऱ्यावरच असतं.

चाकू बाळगण्याचं म्हणाल तर 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पाती हत्यारात धरली आहेत, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. तीन इंची चाकू त्यात बसत नाही. अडचण येते ती हत्यारं बाळगण्यावरच्या बंदी आदेशात. 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव, विसर्जन, निवडणूक, अशा वेळी आपल्याकडे कर्नाटकात आदेश निघतात. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलकडे गेलात की तिथं महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खालचा वेगळा आदेश असू शकतो. निपाणीकरांनी हे ध्यानात ठेवावं, तुमचं रोजचं जाणं-येणं आहे.

रात्रपाळी सिस्टर, खानापूर
मी तीन वर्षं पर्समध्ये छोटा चाकू ठेवते. एकदाही उघडला नाही. बसस्टँडपासून घरापर्यंत वीस मिनिटं चालायचं, निम्मे दिवे बंद. हातात मूठ आली की पाय थरथरत नाहीत, मान वर करून चालता येतं. हे तुम्हाला मोजता येणार नाही, पण माझ्यासाठी ते खरं आहे. "पळ, देऊन टाक" हे मोबाईलला चालतं. बाईच्या मागे लागलेला माणूस मोबाईल मागत नसतो.

आणि कोणीतरी स्प्रे घ्या म्हणेल म्हणून आधीच सांगते. मे 2024 मध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयानं एका प्रकरणात पेपर स्प्रेला घातक शस्त्र म्हटलं आणि तो मारणाऱ्यावरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. मग बाईनं हातात घ्यायचं तरी काय?

ऊसवाला, संकेश्वर
माझा अनुभव ऐका. लॉक नसलेला चाकू होता, नुसत्या स्प्रिंगवर उभा राहणारा. मोटारीचा पाईप बांधलेली नायलॉन दोरी गाठीत टोक खुपसून सोडवत होतो. टोक अडकलं, मी दाबलं, पातं उलटं मिटलं आणि तर्जनीच्या पेरावर बसलं. पाच टाके. ते बोट आजही पुरतं वाकत नाही. ही दोरी होती, जागची हलत नव्हती. समोर झटापट करणारा माणूस असेल तर काय होईल? कामाला घ्या, पण लॉक बघूनच घ्या.

टूलरूमवाला, उद्यमबाग
सिस्टर, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. मी भाच्यापुरतं बोलत होतो, तुमच्या रस्त्याला माझं उत्तर पुरत नाही हे कबूल करतो. फक्त एवढी विनंती, चाकू पर्सच्या तळाशी असेल तर त्या वेळी सापडणार नाही. शिट्टी आणि टॉर्च हातात असू द्या, त्याला उघडावं लागत नाही.

संकेश्वरकरांनी सांगितलं ते दुकानात तपासता येतं. पातं उघडायचं आणि त्याची पाठ लाकडी फळीवर हळू ठोकायची, बोटं मिटण्याच्या वाटेबाहेर ठेवून. लॉक सुटलं तर खाली ठेवा. मुठीच्या पाठीवर दाबून सोडायचं लॉक नवख्याला बरं, मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. डी-टू पोलाद धार छान धरतं, पण पुरतं स्टेनलेस नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात पुसून तेल न लावता ठेवलं तर आठवड्यात डाग धरतं. भाच्यासाठी साधं स्टेनलेसच बघतोय. हो, चाकू त्याला देणार आहे, पॅकिंगच्या पट्ट्या कापायला, आणि तो राहील कारखान्यातल्या लॉकरमध्ये.

निपाणीचा तंबाखूवाला
लॉकरमधला चाकू जांबोटी रस्त्यावर कसा पोचणार, काका?

टूलरूमवाला, उद्यमबाग
पोचू नये म्हणूनच. रस्त्यासाठी दुसरी सोय लावलीय. त्याच पाळीला त्याच रस्त्यानं जाणारी दोन पोरं सापडली. सोमवारपासून तिघं दोन गाड्यांवर बरोबर निघतात. काल सव्वाबाराला घरी पोचल्याचा फोन आला.