सहा वर्षांच्या पोराला ‘कोलँडर’ यायलाच हवं का?

घडियाळी_पोळवाला
कालपासून आपल्या बडोदेकर मंडळींत एक तक्ता फिरतोय. ‘घरातल्या १०० वस्तूंची इंग्रजी नावं.’ सोबत पालकांना फर्मान: मुलांशी बोलताना आजपासून वाटी, तपेली, उलथनं बंद, बोल, सॉसपॅन, स्पॅट्युला सुरू. नाहीतर शाळेच्या प्रवेशाला मूल तोंड उघडणार नाही. खाली ‘खूप उपयुक्त’, ‘प्रिंट काढून फ्रिजवर लावला’ अशी रीघ. मी गप्प बसणार होतो. पण आमच्या सूनबाईंनीही तो फ्रिजवर लावला, आणि आज चहा गाळताना नात म्हणाली, ‘आजोबा, गाळणं नाही म्हणायचं, स्ट्रेनर.’ मग म्हटलं, लिहितोच.

पहिलं म्हणजे, तक्ता करणाऱ्यानं स्वयंपाकघरात कधी पाय ठेवलेला नाही. पिठाच्या चाळणीचं चित्र आणि खाली ‘कोलँडर’. कोलँडर म्हणजे मोठ्या भोकांचं भांडं, भाजी धुऊन निथळत ठेवायचं. त्यात कणीक चाळून बघा, कोंड्यासकट सगळी खाली. सांडशीला ‘टाँग्ज’. अहो, टाँग्ज म्हणजे चिमटा, फुलका उलटायचा. त्यानं उकळत्या दुधाचं पातेलं उतरवून दाखवा, मी तुम्हाला शेव-उसळ देतो. साहेबाकडे सांडशी नाहीच, कारण त्याच्या भांड्याला दांडा असतो. आपलं पातेलं बिनदांड्याचं, म्हणून आपल्याकडे सांडशी. आणि कहर म्हणजे मोरीच्या चित्राखाली ‘सिंक’!

दुसरं, घरातली वस्तू पोराला हातात घेऊन कळते. ‘मोठी परात आण, काठाला धर, जड आहे’ एवढ्यात मूल किती शिकतं! ‘प्लेट’ म्हटलं की परात, ताट, ताटली, बशी सगळं एका ढिगात. इंग्रजी शिकवू नका असं मी म्हणत नाही, माझी सगळी नोकरी इंग्रजीत झाली. पण ते शाळेतून येतं, पुस्तकातून येतं. घरात घरचं बोला.

मांजलपूरची_आई
काका, तुमची नोकरी इंग्रजीत झाली, पेन्शन सुरू झालं, आता बाकीच्यांनी घरचं बोलायचं. छान आहे.

माझ्या लेकीच्या पहिलीच्या प्रवेशाच्या वेळचं सांगते. शाळेचं नाव घेत नाही. मॅडमनी चित्रांची कार्डं समोर ठेवली. लेक टपाटप बोलत होती, डोअर, विंडो, फॅन. मग वाटीचं चित्र आलं. ती खुशीत म्हणाली, ‘वाडकी!’ बडोद्यात वाटीला गुजरातीसारखं म्हणतो तसं. मॅडम दुसऱ्या मॅडमकडे बघून हसल्या. बस. त्यानंतर पोरगी एक शब्द बोलली नाही. घरी येताना रिक्षात विचारत होती, ‘आई, वाडकी वाईट असते का?’ तुमची परात आणि काठ तुमच्याकडे ठेवा. तक्त्यात चुका आहेत, कबूल, त्या दुरुस्त करू. पण तक्ता माझ्याही फ्रिजवर आहे आणि राहणार.

अकोट्याचा_वकील
ताई, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाचणी, मुलाखत काहीही घ्यायचं नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. तक्ता कशाला लावता, तक्रार करा.

मांजलपूरची_आई
दादा, त्याला ‘मुलाखत’ म्हणतच नाहीत, ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. तक्रार केली आणि मुलीला नंतर त्याच वर्गात दहा वर्षं बसायचं असेल, तर तुम्ही कराल? मनापासून सांगा.

अकोट्याचा_वकील
माझी मुलं दुसऱ्या शाळेत आहेत.

मांजलपूरची_आई
तेच म्हटलं.

वाडीची_सुमा
माझं दुखणं वेगळंच आहे. आमच्या पुण्याच्या नणंदबाई. माझ्याकडे आल्या होत्या, मी कामवाल्या बाईंना सांगितलं, ‘सावरणी घ्या आणि मग पोतं मारा.’ म्हणजे झाडू घ्या आणि मग लादी पुसा, गुजराती वळणानं. नणंदबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या. ‘वहिनी, कुणाला पोत्यात घालून मारताय?’ मग घरभर तेच. उशीला ओशीकं म्हटलं की हसू, गच्चीला अगाशी म्हटलं की हसू. ‘तुमची मराठी पार गुजराती झाली हो.’

आणि त्यांच्या घरी? ‘किचनमधून बाउल आण’, ‘मास्टर बेडरूमचे कर्टन धुवायला टाक’, ‘मॉपिंग झालं का?’ हे म्हणजे शुद्ध मराठी! इंग्रजी शब्द घेतला की पुढारलेले आणि शेजाऱ्याचा घेतला की बाटलेले. आमच्या पोतं मारण्यानं लादी स्वच्छ होते, एवढं पुरे.

घडियाळी_पोळवाला
सुमाताई, शंभर टक्के. हेच मला म्हणायचं होतं.

मांजलपूरची_आई
काका, तुम्हाला हे अजिबात म्हणायचं नव्हतं. तुमच्या धाग्यात गुजरातीचा ग पण नाही.

दांडिया_बाजार_१९५१
इथे सर्वांचाच गोंधळ दिसतो. ‘घरचं बोला’ म्हणजे नेमकं काय? खुर्ची, पडदा, तक्क्या, कुलूप, हौद हे फारसी-अरबीतून. चावी, पिंप, घमेलं, बिजागरी पोर्तुगीजांकडून. तुमच्या आजोळच्या वाड्यातून हे सगळं काढलं तर उरतील चार भिंती आणि चूल. याच बडोद्यात १८९४ साली जन्मलेले कवी माधव जूलियन अनेक वर्षं फारसी शिकवत होते, १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे, म्हणजे मराठीतून परके शब्द काढण्याचे, कट्टर पुरस्कर्ते झाले. कोश करणाऱ्याला जे सुटलं नाही ते फ्रिजवर तक्ता लावून किंवा फाडून सुटणार नाही. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली आठ भाषांचा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढवला, तो निदान कुणी उघडून बघावा.

वाडीची_सुमा
काका, तो कचेरीचा कोश. त्यात दावा, दस्त, वसुली. पोळपाट नाही.

दांडिया_बाजार_१९५१
पोळपाट आहे असं मी म्हटलेलं नाही.

जर्सीतला_बडोदेकर
मी इथे अमेरिकेत आलो तेव्हा मामाच्या ओळखीनं एका मोटेलात लागलो. बी. कॉम., एम. एस. युनिव्हर्सिटी, इंग्रजी मीडियम. पहिल्या दिवशी मॅनेजरनं यादी दिली: फिटेड शीट, फ्लॅट शीट, कम्फर्टर, पिलो शॅम, वॉशक्लॉथ, हँड टॉवेल, बाथ मॅट, लायनर. मला माहीत होती फक्त बेडशीट. मी वरची चादर खाली घातली आणि इलॅस्टिकची वर. पाहुणा खाली येऊन ओरडला, माझा अर्ध्या दिवसाचा पगार गेला. तेव्हा घरातल्या वस्तूंची इंग्रजी नावं कशाला म्हणणाऱ्यांना सांगतो, या नावांवर लोकांची पोटं चालतात. गुजरातेतली अर्धी पोरं बाहेर यायला टपली आहेत. शिकवा.

तक्त्याबद्दल मात्र काका बरोबर. माझं बेसिन तुंबलं तेव्हा दुकानात ‘प्लंजर’ हा शब्द आठवेना, काउंटरवर दोन्ही हातांनी खालीवर करून दाखवलं. त्या शंभरात प्लंजर आहे का? नाही. ‘शँडेलियर’, म्हणजे झुंबर, आहे. कुणाच्या घरी आहे शँडेलियर? लक्ष्मी विलास पॅलेसमधून कुणी या समूहात आहे का?

घडियाळी_पोळवाला
भाऊ, तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात. शब्द तुम्हाला काम करताना आले, तक्त्यातून नाही.

जर्सीतला_बडोदेकर
आले, पण पगार कापून. फुकट मिळत असतील तर घ्यावेत.

नळवाले_नाना
सगळ्यांचं वाचलं. मोरीला सिंक म्हटल्याबद्दल पोळवाल्यांशी सहमत, पण बडोद्यात मोरी कोण म्हणतं? इथे चोकडी. मी नळकामाची कंत्राटं घ्यायचो, पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, चोकड्या पाहिल्या आहेत आणि वासणा-भायलीच्या नव्या इमारतीही. चोकडी म्हणजे खाली बसवलेला चौकोन, तीन बाजूंनी पाळ, कोटा दगड, कोपऱ्यात जाळी. सिंक म्हणजे ओट्यात बसवलेलं स्टीलचं भांडं. यांच्यात काही नातं नाही.

आणि एक गंमत. जाळीखाली जे बसतं त्याला इंजिनियर, कॅटलॉग, टेंडर सगळीकडे ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी टेंडरातसुद्धा. ज्या खोलीला आता कुणी नहाणी म्हणत नाही, ती प्लंबिंगच्या दुकानात रोज खपते.

वाडीची_सुमा
नाना, मग नव्या फ्लॅटात चोकडी का देत नाहीत ते सांगा. आमच्याकडे कढई, कुकर, पूजेची तांब्याची भांडी त्या एवढ्याशा सिंकमध्ये घासायची. पाणी पोटावर, ओट्यावर, जमिनीवर. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, ‘बेन, हवे कोई नथी मागतुं.’ (ताई, आता कुणी मागत नाही.)

नळवाले_नाना
खोटं बोलला. कारण पैशाचं आहे. चोकडीला स्लॅब खाली सोडावा लागतो, नऊ-दहा इंच, म्हणजे पाइप, ट्रॅप आणि भराव त्यात बसतो. संडास-बाथरूमखाली सोडतातच. स्वयंपाकघराखालीही सोडायचा म्हणजे वेगळं सेंटरिंग, वेगळं वॉटरप्रूफिंग, आणि गळलं की खालच्या माळ्यावरचा भांडायला वर. सिंक परवडतं, कारण त्याचा पाइप ओट्याखालून भिंतीत जातो. तरी गुजरातेत ‘वॉश’ म्हणून एक कोपरा अजून देतात, नशीब समजा.

वाडीची_सुमा
पुण्यात त्याच कोपऱ्याला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात! वॉशिंग मशीन तिथे, भांडी तिथे, चोवीस तास ओली. नणंदबाईंना आता विचारतेच, ड्राय कुठे आहे.

मांजलपूरची_आई
एक मिनिट. चोकडीचं एवढं कौतुक चाललंय, पण तिथे उकिडवं बसून घासत कोण होतं? तुमच्यापैकी एक तरी पुरुष बसलाय का? माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे त्या चोकडीनं खाल्ले. थंडीत पाय ओले, पाठीला बाक. सिंक आलं तेव्हा बाई उभी राहिली. शब्द गेला तर जाऊ दे.

घडियाळी_पोळवाला
गुडघ्यांचा आणि शब्दांचा संबंध कुठे येतो? विषय काय, तुम्ही नेता कुठे!

मांजलपूरची_आई
संबंध आहे. ज्यानं भांडी घासली नाहीत त्यालाच परातीच्या काठाच्या आठवणी येतात. आज चहा तुम्ही गाळलात, बरोबर? गाळणं धुतलं कुणी?

अकोट्याचा_वकील
😂 साक्षीदार फुटला.

घडियाळी_पोळवाला
ताई, वैयक्तिक होऊ नका. आमच्या घरात कोण काय धुतं हा धाग्याचा विषय नाही. (सूनबाईंनी धुतलं. उद्यापासून मी धुईन, झालं समाधान?)

मांजलपूरची_आई
उद्या फोटो टाका. खाली नाव कुठल्याही भाषेत लिहा.

दांडिया_बाजार_१९५१
चर्चेचा दर्जा घसरला आहे. मूळ प्रश्न मातृभाषेतून शिक्षणाचा होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत, शक्य असेल तिथे, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. गुजरात सरकारनं २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. आपल्या मुलांना शाळेत इंग्रजी आणि गुजराती, टीव्हीवर हिंदी. मराठीला उरलं काय? घर. त्यातही तक्ता चिकटवला की संपलं.

वाडीची_सुमा
हे मात्र खरं बोललात काका. आधी हेच लिहिलं असतं तर? फारसी-पोर्तुगीज करत बसलात.

मांजलपूरची_आई
बरं. मी काय करते ते सांगते, वाद नको. लेकीला दोन्ही सांगते, आजीकडे वाडकी, शाळेत बोल. अडचण एवढीच की ती आता आजीलाच ‘बोल’ म्हणते आणि आजी बोलायला लागते, थांबत नाही.

जर्सीतला_बडोदेकर
😂😂 तक्त्यात १०१ वा शब्द घाला, ताई.

निझामपुऱ्याचा_भाडेकरू
विषय सोडून विचारतो, माफ करा. नाना, आमच्या वॉशमध्ये पाणी जाळीकडे न जाता उलटं स्वयंपाकघरात येतं. मालक म्हणतो टाइल अशीच असते.

नळवाले_नाना
टाइल अशी नसते, मिस्त्री असा असतो. फुटाला पाव इंच उतार हवा, जाळीच्या दिशेनं. गोटी ठेवून बघा, कुठे जाते. वासही येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी आटतंय, त्यात पन्नास मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं, नसेल तर झुरळं तिथूनच वर येतात.

निझामपुऱ्याचा_भाडेकरू
गोटी ठेवली. फ्रिजखाली गेली.

नळवाले_नाना
मग चार-सहा टाइल उखडाव्या लागतील. खर्च मालकाचा. वकीलसाहेब, याला कुठलं कलम लागतं?

अकोट्याचा_वकील
आधी भाडेकरार बघू. ११ महिन्यांचा असेल आणि दुरुस्ती भाडेकरूकडे असं लिहिलं असेल, तर गोटी आणि टाइल दोन्ही तुमच्याच गळ्यात.