स्क्रॅबलच्या तयारीसाठी शब्द शोधून देणारं ॲप वापरलं तर ती कॉपी कशी?

लालबागकर

गणपतीत आमच्या सोसायटीत मुलांची स्क्रॅबल स्पर्धा असते. अक्षरांच्या टाइल्स जुळवून पटावर इंग्रजी शब्द लावायचे आणि गुण मिळवायचे, असा हा खेळ. यंदाच्या बैठकीत मुद्दा निघाला की काही मुलं घरी मोबाइलवर तयारी करतात. हातातली सात अक्षरं टाकायची किंवा 'क्यू आहे पण यू नाही' असे शब्द मागायचे, की यादी समोर. बहुतेकांचं मत पडलं की ही कॉपी आहे, अशा मुलांना बसू देऊ नये. मला हे अजिबात पटलेलं नाही.

डाव चालू असताना फोन उघडला तर ती कॉपीच. वाद घरच्या तयारीचा आहे. आमच्याकडची बरीच मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत जातात. बाकीची कॉन्व्हेंटमध्ये. कॉन्व्हेंटच्या मुलांना इंग्रजी शब्द दिवसभर कानावर पडून फुकट मिळतात. मराठी शाळेतल्या मुलीने तेच शब्द यादीतून पाठ केले तर तिने कोणाचं काय चोरलं?

आणि हा खेळ आहेच अक्षरांच्या हिशेबाचा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टची मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३०च्या दशकात त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून टाइल्सची संख्या आणि गुण ठरवले. म्हणून १०० टाइल्समध्ये ई १२ आहेत, एस फक्त ४, आणि क्यू, झेड एकेकच, प्रत्येकी १० गुणांच्या. इंग्रजीत क्यूच्या मागोमाग बहुतेक वेळा यू लागतो. शेवटी हातात क्यू उरला आणि यू कुठेच नाही, तर ज्याला क्यू-आय ठाऊक आहे तोच सुटतो. एफ-ए-क्यू-आय-आर आणि एन-आय-क्यू-ए-बी हे फकीर आणि नकाबही चालतात. आपल्या मुलांना हे शब्द लहानपणापासून माहीत असतात, फक्त इंग्रजीत ते क्यूने लिहितात हे कोणीतरी दाखवायला हवं. ॲप तेवढंच करतं.

शब्दवेडी

दादा, तुमची तळमळ कळते, पण मी दादरला शिकवण्या घेते आणि रोज याची दुसरी बाजू बघते. सातवीतल्या एका मुलाने क्यू-आय लावला. मी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, "अकरा गुण." चिनी विचारातली प्राणशक्ती हा अर्थ त्याच्या कानावरूनही गेला नव्हता. त्याला दहा ओळींचा इंग्रजी उतारा वाचून समजत नाही, पण घरचे खूश, कारण मुलगा "इंग्रजीत पुढे गेलाय". या समाधानाची मला भीती वाटते. ज्या मराठी शाळेतल्या मुलीसाठी तुम्ही भांडताय, तिला वाचायला येणं जास्त गरजेचं आहे.

मुलुंड पूर्व

ताई, अर्थाची सक्ती या खेळात कुठेच नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, फ्रेंच बोलता येत नसताना. काही आठवडे शब्दकोश पाठ केला होता. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. शब्द कोशात आहे की नाही, नियम एवढंच विचारतो.

शब्दवेडी

रिचर्ड्स तेव्हा इंग्रजी स्क्रॅबलचा अनेकदा जगज्जेता झालेला प्रौढ माणूस होता. बारा वर्षांच्या मुलाला हे उदाहरण कसं लावता?

गिरगाव कट्टा

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं घ्या. रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, स्टेनर, सगळे यातूनच निघतात आणि सातही टाइल्स एकदम लागल्या की वर ५० गुण. पण हे शब्द स्वतः टाइल्स हलवून सापडायला हवेत. सुरुवातीला 'रि' बसतं का, शेवटी 'इंग' किंवा 'ईआर' लागतं का, ही खटपट म्हणजेच खेळ. यादी आयती मिळाली की मूल ती खटपट करतच नाही. हे शिकवायला ॲप लागत नाही, टाइल्स आणि अर्धा तास शेजारी बसणारा मोठा माणूस लागतो.

चर्चगेट फास्ट

कट्टा, यादी मिळाली की विचार संपतो हे मला मान्य नाही. वर्डलचं उदाहरण देतो, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा खेळ. प्रत्येक प्रयत्नानंतर कोणती अक्षरं बरोबर ते कळतं. समजा शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी पक्की झाली. पहिलं अक्षर? लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट आणि एट. यादीने आठ शब्द दिले, पण प्रयत्न एकूण सहाच आणि त्यातले काही संपलेले. एकेक लावत बसलात तर हरलात. इथे मध्येच 'फार्म्स' टाकायचा. तो उत्तर नाही हे माहीत असतं, पण एफ, आर, एम, एस या चारांचा निकाल एका फटक्यात लागतो. ही युक्ती यादीत लिहिलेली नसते. ती यादीकडे बघून सुचते. माझ्या भाचीला अशीच सुचली, बोरिवलीहून येताना लोकलमध्ये.

गिरगाव कट्टा

भाचीचं कौतुक आहे, पण तिला ते सुचलं कारण शेजारी तुम्ही होतात. एकटं मूल यादीतला पहिला शब्द उचलतं.

लालबागकर, एक व्यवहाराची गोष्टही बघा. ही ॲप्स कोणता कोश वापरतात ते पालक बघत नाहीत. झेड-ओ कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाच्या यादीत चालतो, अमेरिकन यादीत चालत नाही. कॉलिन्सवर तयारी केलेल्या मुलाचा शब्द स्पर्धेत चॅलेंज झाला, म्हणजे समोरच्याने 'हा शब्दच नाही' अशी हरकत घेतली, आणि तुमचा पंच अमेरिकन यादी घेऊन बसला असेल तर? ते पोर रडेल आणि त्यात त्याचा काहीच दोष नसेल.

लालबागकर

कोशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पुढच्या बैठकीत मांडतो: कॉलिन्स आधीच जाहीर करायचा आणि दोन अक्षरी शब्दांची यादी छापून प्रत्येक घरात द्यायची. मग कोणाकडे स्मार्टफोन आहे, कोणाकडे नाही, हा प्रश्नच उरत नाही. घरी ॲप वापरण्यावर बंदी मात्र मी घालू देणार नाही.

शब्दवेडी

यादीत प्रत्येक शब्दापुढे मराठीत अर्थ छापा, ते काम मी करून देते. आणि लावलेल्या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याला पाच गुण जास्त द्या.

लालबागकर

ताई, अर्थ नक्की छापू. गुण नाही. ज्या घरात इंग्रजी बोलतात तिथली मुलं यादीबाहेरच्या शब्दांचेही अर्थ सांगतील आणि ते पाच गुण दर डावाला त्यांच्याकडेच जातील.

शब्दवेडी

मग फक्त छापील यादीतल्या शब्दांना द्या.