उड्डाण कंपनीने रद्द केलं, तर पैसे आपण का मागत फिरायचं?

वाटसरू:
माझं उड्डाण निघायच्या तीन दिवस आधी कंपनीने रद्द केलं. मेसेजमध्ये दोनच पर्याय होते, तारीख बदला किंवा क्रेडिट घ्या, म्हणजे पैशांऐवजी त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी वापरायची जमा. पैसे परत मिळतात हे कुठे लिहिलंय ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली. अर्ज केला तर कंपनी म्हणे एजंटला विचारा आणि एजंट म्हणे कंपनीने अजून सोडले नाहीत. आज चाळिसावा दिवस.

माझं मत असं की सेवा दिली नाही तर ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात ते न मागता परत यावेत. क्रेडिट म्हणजे प्रवाशाने कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज, आणि वर ते अमुक तारखेच्या आत वापरायची सक्ती. युरोपात २००५ पासून सात दिवसांची मुदत आहे आणि व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची लेखी संमती लागते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२४ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रवाशाने दुसरं उड्डाण किंवा क्रेडिट स्वीकारलं नसेल, तर क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे कामकाजाच्या सात दिवसांत आपोआप परत. हे तिथे जमतं तर सगळीकडे का जमू नये?

जमाखर्च:
मी विमान कंपन्यांच्या हिशेबाचं काम बरीच वर्षं केलंय. तुमचा मनस्ताप खरा आहे, पण तुमचे पैसे तिजोरीत बाजूला ठेवलेले नसतात. चार महिने आधी काढलेल्या तिकिटाचा पैसा आजच्या इंधनात, विमानांच्या भाड्यात, पगारात जातो. एखाद-दुसरं उड्डाण रद्द झालं तर कंपनीने लगेच द्यावेत, यावर वाद नाही. पण २०२० सारखं सगळंच एकदम बंद पडलं आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात हात पुढे केले, तर कंपनी बुडते. बुडाल्यावर काय होतं ते गो फर्स्टच्या प्रवाशांना विचारा. मे २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिकीटधारक कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत उभे राहिले. त्यापेक्षा क्रेडिट बरं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १ ऑक्टोबर २०२०च्या निकालात अडचणीतल्या कंपन्यांना ती सवलत दिली होती.

वाटसरू:
तो निकाल पुरता सांगा ना. आधी पंधरा दिवसांत पैसे परत करायचा प्रयत्न करा, ते झेपत नसेल तरच क्रेडिट, असा क्रम होता. त्या क्रेडिटवर जून २०२० अखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढ द्यायची होती. ते दुसऱ्याच्या नावे करता येत होतं आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरलं नाही तर रक्कम परत करायची होती. महासाथीतसुद्धा न्यायालयाने प्रवाशाचा पैसा फुकट वापरू दिला नाही. मला देऊ केलेल्या क्रेडिटवर ना वाढ, ना ते दुसऱ्याला देता येतं.

तिकीटखिडकी:
मी एजंट आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कंपनी परतावा आमच्या खात्यात जमा करते आणि आम्ही पुढे देतो. काही एजंट तो दाबून ठेवतात हे मी नाकारत नाही, आणि त्यांचे परवाने गेले पाहिजेत या मताचा मी आहे. पण बरेचदा आमच्याकडेच काही आलेलं नसतं आणि शिव्या मात्र आम्ही खातो.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. उड्डाण रद्द होणार अशी कुणकुण लागली की लोक घाबरून स्वतःच तिकीट रद्द करतात. मग ते 'प्रवाशाने रद्द केलं' असं नोंदलं जातं आणि पैसे कापले जातात. कंपनीकडून रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा आणि तो मेसेज जपून ठेवा.

निळी छत्री:
मला या सगळ्या वादात एक माणूसच दिसत नाहीये, ज्याला पोचायचंच आहे. माझे वडील अतिदक्षता विभागात होते आणि उड्डाण आदल्या रात्री रद्द झालं. मूळ भाडं मला ताबडतोब परत मिळालं. वाटसरूंना हवं तसंच, न मागता. त्या पैशांत दुसऱ्या दिवशीचं अर्धं तिकीटही येत नव्हतं. मला जागा हवी होती, दुसऱ्या कंपनीच्या विमानात का असेना. आपोआप परतावा हा कंपनीला हात झटकायचा सोपा मार्ग होऊ शकतो.

वाटसरू:
हे मी लिहिताना माझ्या डोक्यात नव्हतं, मान्य करतो. युरोपच्या नियमात निवड प्रवाशाची आहे, पैसे किंवा पर्यायी प्रवास. मूळ मागणी मी अशी बदलतो की आधी विचारा, आणि प्रवाशाने पर्यायी जागा घेतली नाही तर पैसे आपोआप द्या. क्रेडिट फक्त ज्याने स्वतः मागितलं त्याला.

जमाखर्च:
हे पटण्यासारखं आहे. पण कंपनी बुडण्याचा प्रश्न यातून सुटत नाही. तो सोडवायचा तर तिकिटाचा पैसा उड्डाण होईपर्यंत वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावा लागेल. मग कंपन्या रोजच्या खर्चासाठी कर्ज काढतील आणि त्याचं व्याज तिकिटात येईल. थोडं महाग तिकीट चालेल का तुम्हाला?

वाटसरू:
चालेल.

निळी छत्री:
मला नाही चालणार. वर्षातून एकदा, पैसे साठवून जाणाऱ्यांना ते थोडंसुद्धा जड जातं. तुमचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी घरी बसायचं का?

तिकीटखिडकी:
वाटसरू, तुम्ही कार्डाने पैसे भरले होते ना? मग चाळीस दिवस वाट कसली बघताय? 'सेवा मिळाली नाही' या कारणाखाली बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याचा, अर्ज करा. त्याला मुदत असते. आणि तोवर ते क्रेडिट स्वीकारू नका, नाहीतर बँक म्हणेल की तुम्हाला मोबदला मिळालाय.

वाटसरू:
आज दुपारी केला अर्ज. रद्द झाल्याचा मेसेज आणि एजंटची सगळी उत्तरं जोडली आहेत.