पोपटी लावावी तर चारचौघांत

चार माणसं जेवायला असली की स्वयंपाकाला हुरूप येतो, हे अगदी खरं. त्यात आमच्या रायगडची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, हवीच. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर बेत ठरतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा. कुणी मसाला लावलेलं चिकनही घालतं. तोंड पाल्यानेच घट्ट बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंबही नाही! अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र वाजतं, म्हणजे झाली. मग पेपरावर ओतायची नि गोल बसून शेंगा सोलत गप्पा. शेजारच्या शेतातल्यांनाही हाक मारायची, चार माणसं हवीतच.