मदत हवी आहे: होस्टेलवर रात्री वायफाय अडकतं

मंडळी, बेळगावजवळच्या एका विद्यापीठात शिकते. होस्टेलवर रात्री आठनंतर वायफायची रेंज फुल दिसते, पण एक पान उघडत नाही. अ‍ॅप लावून पाहिलं तर आमच्या एका मजल्यावर २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायचा एक पट्टा) १४ नेटवर्क! या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल (पट्ट्यातले क्रमांक दिलेले भाग) १, ६ आणि ११ एवढीच, आणि मुलींचे खासगी राउटर ३ वर, ८ वर, कुठेही. ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा बरा चालतो, पण जाड भिंतीपलीकडे पोचत नाही. खानापूरच्या माझ्या रूममेटच्या जुन्या फोनला तर तो दिसतच नाही, आणि तिची ऑनलाइन परीक्षा सोमवारी आहे. फार काळजी वाटते.

वॉर्डनबाईंकडे आधी काय मागू: खासगी राउटर बंद, की जास्त अ‍ॅक्सेस पॉइंट (कॉलेजचं वायफाय पसरवणारी यंत्रं) कमी पॉवरवर? कॉलेजचं नेटवर्क सांभाळलेल्यांनी कृपया सांगा.