झेनब्लीड : बायोस अपडेट न मिळालेल्या डेस्कटॉपसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या घरच्या डेस्कटॉपवर एएमडीचा रायझन ५ ३६०० (झेन २ रचनेचा) प्रोसेसर आणि डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. झेन २ प्रोसेसरांमधील झेनब्लीड ही त्रुटी (जिच्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमची गुप्त माहिती फुटू शकते) जुलै २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा सर्व्हरच्या एपिक प्रोसेसरांसाठी दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांचा संच) लगेच उपलब्ध झाला. डेस्कटॉपसाठी मात्र वर्षअखेरची मुदत देण्यात आली आणि तीही मदरबोर्ड उत्पादकाने नवा बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरील प्रोग्रॅम) काढला तरच उपयोगाची होती. माझ्या बोर्डाच्या उत्पादकाने तो आजतागायत काढलेला नाही.

एएमडी६४-मायक्रोकोड हे डेबियनमधील मायक्रोकोड पुरवणारे पॅकेज अद्ययावत असूनही संगणक सुरू होताना कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘झेनब्लीड’ या शब्दासह मायक्रोकोड अद्ययावत करण्याची सूचना दिसते. अशा वेळी कर्नल प्रोसेसरमधील एक नियंत्रक बिट बदलून तात्पुरता बंदोबस्त करतो, एवढे मला समजले आहे. (सर्व्हरवाल्यांचे लाड आधी, हे आता अंगवळणी पडले आहे.)

हा बंदोबस्त ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार करण्यास पुरेसा आहे का? त्यामुळे व्हिडिओ रूपांतरणाचा वेग जाणवण्याइतका घटतो का? आणि बायोसला हात न लावता योग्य मायक्रोकोड सुरक्षितपणे चढवण्याचा मार्ग कोणी स्वतः वापरून पाहिला असल्यास कृपया सविस्तर सांगावा.